सोयाबीनच्या मुळावरची गाठ: पाकीट घेण्यापासून गाठ कापून पाहण्यापर्यंत

एकरी ८ क्विंटल सोयाबीन घरी आलं, की त्या दाण्यांसोबत साधारण ५० किलो नत्र वावरातून बाहेर जातं. दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनाचा जवळपास सहावा भाग नत्र असतो, त्यावरून हा हिशेब निघतो. पेरताना दिलेल्या डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात नत्र असतं फक्त ९ किलो. उरलेलं ४० किलो, म्हणजे युरियाच्या दोन पोत्यांएवढं नत्र, थोडं जमीन देते आणि बरंचसं मुळावरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतून ओढून देतात. त्यांना ठेवायचं कसं आणि ते काम करतात की नाही हे ओळखायचं कसं, ते या लेखात आहे. मुख्य पीक सोयाबीन धरलं आहे. हरभरा आणि तुरीत काय वेगळं पडतं ते शेवटी दिलं आहे.

गाठीत काय चालतं

सोयाबीनचं कोवळं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड प्रकारची द्रव्यं सोडतं. जवळचा रायझोबियम, म्हणजे गाठीत राहणारा हाच जिवाणू, ती ओळखतो आणि उलट आपली रासायनिक खूण पाठवतो. मग केसमूळ वाकडं होतं, त्या बाकातून जिवाणू आत शिरतात आणि मुळाच्या पेशी वाढून गाठ होते. आत गेल्यावर देवाणघेवाण सुरू होते. झाड पानात तयार झालेली साखर देतं आणि जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करून झाडाला देतो. हे काम नायट्रोजिनेज नावाचं विकर करतं.

अडचण अशी, की ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होतं, आणि जिवाणूला तर श्वासासाठी ऑक्सिजन लागतोच. म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला बेताबेतानं पुरवतं. त्याचा रंग लाल, म्हणून काम करणारी गाठ कापली की आतून गुलाबी-लाल दिसते.

यातून शेतकऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. मातीत हवा खेळली नाही तर गाठ थांबते. आणि मुळापाशी आयतं नत्र असेल तर झाड गाठींवर साखर खर्च करत नाही, गाठी बसतात कमी आणि बसलेल्याही मंद पडतात. पेरणीला एकरी १२ किलोच्या आसपास नत्र पुरतं. गाठी कामाला लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे त्यावर निघतात. त्याच्या वर दिलेला युरिया पानं हिरवीगार करतो, पण गाठींचं काम त्या प्रमाणात कमी होतं. शेजाऱ्याचं वावर काळंभोर दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी पोतं आणण्याची घाई करू नये.

पाकीट घेताना

बियाण्याला लावायचे हे जिवाणू पाकिटात विकत मिळतात, पण सगळ्या कडधान्यांना एकच रायझोबियम चालत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. तूर, मूग, उडीद, बरबटी (चवळी) आणि भुईमूग यांचा गट वेगळा आहे. हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी, तर वाटाणा, मसूर आणि लाखोळीला (लाख डाळीला) रायझोबियम लेग्युमिनोसारम. पाकिटावर नुसतं ‘रायझोबियम’ लिहिलं असेल आणि पिकाचं नाव नसेल तर ते घेऊ नका. खरिपातलं सोयाबीनचं पाकीट उरलं म्हणून हरभऱ्याला चोळलं, तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाया.

पिकाच्या नावानंतर तारखा बघा. लिग्नाइटच्या भुकटीतलं जिवाणू-संवर्धक साधारण सहा महिने टिकतं, द्रवरूप वर्षभर. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पण ही संख्या पाकीट सावलीत राहिलं तरच टिकते. मे महिन्यात यवतमाळ-अकोल्याकडे पत्र्याच्या दुकानात आतलं तापमान कुठं जातं ते सांगायला नको. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात, उन्हात मांडलेलं पाकीट सोडा आणि आतलं मागा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून आणता आलं तर उत्तम. घरी आणल्यावर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. कीटकनाशकाच्या पेटीत, गाडीच्या डिकीत किंवा खताच्या पोत्यांवर ठेवू नका.

प्रमाण असं: भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. एकराच्या ३० किलो बियाण्याला तीन पाकिटं. द्रवरूप असेल तर किलोला १० मिली, म्हणजे एकराला ३०० मिली. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना दुकानात पीएसबी म्हणतात, तेही याच प्रमाणात सोबत लावता येतात.

बियाणं तयार करायचा क्रम

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. हा क्रम उलटला की जिवाणू मरतात.

उगवण आधी तपासून घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि सत्तर उगवले तर बियाणं पेरायला हरकत नाही. मेलेल्या बियाण्याला जिवाणू लावून काही उपयोग नाही.

बुरशीनाशक आणि कीटकनाशक पेरणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधी लावा. कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्रण किलोला ३ ग्रॅम. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. हातमोजे घालून, ताडपत्रीवर हलक्या हातानं वरखाली करा आणि सावलीत पूर्ण सुकवा. रासायनिक बुरशीनाशक लावलंत तर त्यावर ट्रायकोडर्मा लावण्यात अर्थ नाही, ती स्वतःच बुरशी आहे. दोहोंपैकी एक निवडा. तांबंयुक्त बुरशीनाशक मात्र जिवाणूसोबत नकोच.

पिशवीतलं बियाणं लाल किंवा निळं असेल तर कंपनीनं औषध लावलेलं असतं. त्यावर पुन्हा तेच औषध चढवू नका आणि रंग धुवायलाही जाऊ नका, साल सुटते. अशा बियाण्याला जिवाणूंचं प्रमाण दुप्पट करा, किंवा खाली दिलेल्या पद्धतीनं जिवाणू जमिनीत द्या.

जिवाणू लावायचे ते पेरणीच्या दिवशी, पेरायच्या तासभर आधी. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम पाण्यात जिवाणू मरतात, तेव्हा बोट बुडवून खात्री करा. ३० किलो बियाण्याला यातलं अर्धा लिटरच वापरायचं. त्यात तिन्ही पाकिटं कालवून खीर-पातळ रबडी करा.

सोयाबीनमध्ये सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. या दाण्याची साल कागदासारखी पातळ असते. पाणी जास्त झालं की ती फुगते, सुरकुतते, हाताला लागते आणि दाण्याचे दोन भाग होतात. मग शेतकरी म्हणतो, जिवाणू लावले म्हणून उगवण कमी झाली. खरं तर उगवण पाण्यानं आणि चोळण्यानं गेलेली असते. एका वेळी किलोमागे २० मिलीच्या वर ओलावा नको. बियाणं गोणपाटावर रगडायचं नाही, पोत्यात घालून झटकायचंही नाही. ताडपत्रीवर पातळ पसरा, रबडी शिंपडा आणि दोघांनी दोन टोकं धरून ताडपत्री इकडून तिकडे हलवा. प्रत्येक दाण्यावर काळसर डाग आला की झालं. द्रवरूप संवर्धकाला गुळाची गरज नाही, ते थेट शिंपडा. पीएसबीही द्रवरूप असेल तर दोन्ही मिळून २० मिली होतात, तेवढ्यावर थांबा.

मग झाडाखाली किंवा गोठ्याच्या पडवीत अर्धा तास सुकवा. उन्हात नाही. पंखा चालेल.

पाऊस आला आणि पेरणी अडली तर? लावलेले जिवाणू दाण्यावर झपाट्यानं मरतात. दुसऱ्या दिवसापर्यंत काही उरतील, दोन-तीन दिवसांनी भरवसा नाही. अशा वेळी फक्त जिवाणूंचा हात पुन्हा द्या, औषधांचा नाही. म्हणून एक पाकीट जास्तीचं आणून ठेवलेलं बरं.

पेरणी

७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरा. धूळपेरीत, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या पेरणीत, बियाणं एखादेवेळी तगतं, जिवाणू तगत नाहीत, कारण जूनच्या कोरड्या काळ्या मातीचा वरचा थर दुपारी चांगलाच तापतो. धूळपेर करायचीच असेल तर बियाण्याला जिवाणू लावण्याचा खर्च वाचवा आणि पहिल्या डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी ओल्या जमिनीत द्या.

दाणा ३ ते ४ सेंटीमीटर खोल जाऊ द्या. खत आणि बी एकाच डब्यात, एकाच सरत्यातून पाडू नका. डीएपीचा दाणा ओला झाला की त्याच्या भोवतीचं पाणी खारट होतं आणि चिकटलेले जिवाणू त्यात मरतात. खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडलं पाहिजे. स्फुरद मात्र कमी करू नका, गाठींना ते भरपूर लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरद दिलं तर गंधक आणि कॅल्शियमही मिळतं, म्हणून दोन पोती जास्त वाहावी लागली तरी कडधान्यात तेच खत जास्त पटतं.

जमिनीतून जिवाणू द्यायचे असतील तर एकराला दीड किलो भुकटी ५० किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळा, रात्रभर सावलीत ओल्या पोत्याखाली झाका आणि सकाळी तासात (पेरणीच्या ओळीत) टाका. शेणखत पूर्ण कुजलेलं असावं. अर्धवट कुजलेल्या खताची उष्णता जिवाणूंना सोसत नाही.

जुलैच्या झडीत काळ्या मातीत पाणी साचतं आणि गाठी गुदमरतात. म्हणून रुंद वरंबा-सरी, नाहीतर निदान दर सहा-सात ओळींनंतर एक चर, हा गाठींसाठीही खर्च आहे हे ध्यानात ठेवा. पाणी निघून गेल्यावर वाफसा येताच डवरा मारा. त्यानं तण जातं आणि मुळाला हवा मिळते, दोन्ही कामं एकाच फेरीत.

गाठ उकरून पाहा

पाकीट लावून काम संपलं असं समजणं ही मोठी चूक. पेरणीपासून २० ते २५ दिवसांनी पहिल्यांदा आणि फुलोरा सुरू होताना, म्हणजे ३५ ते ४५ दिवसांच्या सुमारास दुसऱ्यांदा पाहा.

झाड उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खोडापासून वीतभर अंतरावर चारी बाजूंनी फावडं घाला, वीतभर खोल ढेकूळ काढा आणि बादलीतल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. माती आपोआप सुटते. धुऱ्याजवळची झाडं घेऊ नका. वावरात चार-पाच ठिकाणी, प्रत्येकी दोन झाडं काढा.

आधी ती गाठ खरंच रायझोबियमची आहे का ते पाहा. बोटानं सरकवली की ती मुळावरून अलगद निघते. मूळच फुगलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल तर ते सूत्रकृमीचं काम, त्याचा उपाय निराळा.

आता ब्लेडनं गाठ मधोमध कापा. आतून गुलाबी ते रक्तासारखी लाल असेल तर नत्र बनत आहे. पांढरी असेल आणि पीक वीस दिवसांचं असेल तर ती कोवळी आहे, थांबा. पण चाळीस दिवसांनीही पांढरीच असेल तर आत निकामी वाणाचे जिवाणू बसले आहेत, साखर खातात आणि देत काही नाहीत. हिरवट गाठ थकलेली असते. शेंगा भरताना ती तशी होणारच, पण फुलोऱ्यात दिसली तर झाडाला ताण बसला आहे. तपकिरी, मऊ, वास येणारी गाठ बहुधा पाणी साचल्यानं कुजलेली असते.

फुलोऱ्याच्या सुरुवातीला झाडामागे दहाएक टपोऱ्या, आतून लाल गाठी असल्या तर निश्चिंत राहा. बारीक पन्नास पांढऱ्या गाठींपेक्षा त्या दहा मोलाच्या. जागाही बघा. खोडाखाली मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचा झुपका असेल तर तुम्ही लावलेले जिवाणू लागले असण्याचा संभव जास्त. लांबच्या उपमुळांवर विखुरलेल्या गाठी बहुतेक जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या असतात. त्या वाईट नाहीत, फक्त त्यांचं श्रेय पाकिटाला देऊ नका.

पीक पिवळं पडलं, गाठी बघा

विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडलं की हात आधी युरियाकडे जातो. त्याआधी पान आणि गाठ दोन्ही बघा.

वरची, नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत, पाण्यानं चिंब झाल्यावर हे हमखास दिसतं. गाठी लाल असतात, तरी पीक पिवळं. इथं युरियानं काही होणार नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी फवारा, किंवा चिलेटेड लोह वापरा. आधी वाफसा येऊ द्या, पुष्कळदा तेवढ्यानंच पीक सावरतं.

पानावर पिवळे-हिरवे अनियमित चट्टे, तेही सगळ्या झाडांवर न दिसता मधूनमधून, असे असतील तर पिवळा मोझॅक असण्याची शक्यता आहे. तो पांढरी माशी पसरवते. गाठींचा त्यात दोष नाही.

खालची जुनी पानं एकसारखी फिकट पिवळी होऊन चढत्या क्रमानं वर येत असतील आणि गाठी नसतील किंवा पांढऱ्या असतील, तेव्हाच ती नत्राची कमतरता. तीस-पस्तीस दिवसांनंतर आता नवे जिवाणू देऊन उपयोग नाही, वेळ गेली. मग मात्र युरिया द्या आणि त्यात कमीपणा मानू नका: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांची फवारणी फुलोऱ्यात करा, किंवा जमिनीत ओल असताना एकरी २० किलो द्या. त्यापेक्षा जास्त नको.

गाठी कुजलेल्या असतील तर आधी पाणी काढा. मुळं जिवंत असली तर झाड दोन-तीन आठवड्यांत नव्या गाठी धरतं.

हरभरा, लाखोळी आणि तूर

सोयाबीनच्या वावरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरभरा पडतो, पण सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याला लागत नाहीत. ज्या वावरात वर्षानुवर्षं हरभरा झाला नाही, तिथं बीजप्रक्रिया सोडू नका. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत हरभरा घेताना तर खास. चिखलणीच्या आणि महिनोन्‌महिने पाणी राहिलेल्या जमिनीत हरभऱ्याचे जिवाणू तुटपुंजे असतात. हरभऱ्याची साल जाड, म्हणून थोडं निश्चिंतपणे चोळता येतं. मर रोगासाठी ट्रायकोडर्मा लावायची असेल तर आधी ती, सुकल्यावर रायझोबियम. हरभऱ्याच्या गाठी सोयाबीनसारख्या गोल नसून फाटे फुटलेल्या, आल्याच्या कांडीसारख्या दिसतात. अशी एक लांब गाठ टोकाला पांढरी, मधे लाल आणि बुडाशी हिरवट असू शकते. टोक वाढत असतं, बूड म्हातारं झालेलं असतं. म्हणून ती आडवी नाही, लांबीतून कापून पाहा.

उभ्या धानात फोकलेल्या लाखोळीचं बी चिखलात पडतं. तिथं गुळाऐवजी घट्ट खळ वापरली तर जिवाणू लवकर धुऊन जात नाहीत.

खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या काठच्या जमिनींत, अडचण दुहेरी आहे. क्षार जिवाणूंनाही त्रास देतात आणि केसमुळांनाही. इथं बियाण्यासोबत शेणखतातूनही जिवाणू द्या, आणि पावसाचं पाणी मुरवून क्षार खाली ढकलणारं काम आधी करा.

तुरीला बियाणं थोडं लागतं, एकरी ५ ते ६ किलो, तेव्हा १५० ग्रॅम भुकटी भागते. तुरीच्या गाठी मुळात कमी, लहान आणि खोल असतात, सोयाबीनचा मापदंड तिला लावू नका. कापल्यावर गाठ आतून पोकळ आणि भुसा भरलेली दिसली तर गाठमाशीच्या अळीनं ती खाल्ली आहे.

पाकिटाचा खरंच फायदा होतो का

याचं उत्तर वावरागणिक बदलतं. जिथं वीस-पंचवीस वर्षं सोयाबीन होत आलं आहे तिथं मातीत त्याचे जिवाणू भरपूर असतात. दरवर्षी नव्यानं लावलेल्यांना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते, आणि उत्पन्नातला फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही. पऱ्हाटी (कापूस) किंवा धान सोडून पहिल्यांदा सोयाबीन घेतलेल्या वावरात फरक डोळ्यांना दिसतो. पाकिटाचा खर्च थोडा आहे म्हणून दरवर्षी लावावं असं आमचं मत आहे, पण आपल्या वावराचा पुरावा आपणच गोळा करावा.

त्यासाठी चार तास, म्हणजे चार ओळी, जिवाणू न लावता पेरा. हे चार तास आधी पेरा, नंतर जिवाणू लावलेलं बी यंत्रात टाका, नाहीतर डब्यात राहिलेले जिवाणू त्या तासांत जातात. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. फुलोऱ्यात दोन्हीकडची झाडं उकरा, गाठी कापा आणि वहीत लिहा. सोंगणीला ते चार तास वेगळे कापून, शेजारच्या लावलेल्या चार तासांबरोबर वेगळे मळा आणि तोला. एका हंगामावर निर्णय घेऊ नका, कारण झडीच्या वर्षी दोन्ही बाजूंच्या गाठी सारख्याच गुदमरतात. तीन हंगामांचे आकडे मिळाले की पाकिटावर किती भर द्यायचा ते ठरवा.